रविवारचं निसर्गचित्र: चार मैत्रिणी, दोन गाड्या आणि कोल्हापूरच्या आसपासचा मुलूख

चित्रकला शिकायची तर क्लास नंतर शोधा, आधी सोबत शोधा. तीन जणी पुरतात. चार असल्या तर दोन गाड्यांवर नीट मावतात. पाचाच्या वर गेल्या की सहल होते आणि चित्र राहून जातं. आम्ही चौघी आहोत. मी सहकारी बँकेत कॅश काउंटरला, एक शाळेत भूगोल शिकवते, एक ब्लाउज शिवते आणि चौथी माझी नणंद. नणंदेला शाळेत असताना चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड मिळाली होती, आणि ती गोष्ट ती आम्हाला अजून विसरू देत नाही. बाकी तिघींचा हात दहावीनंतर थांबला तो थांबलाच होता.

सोबत कशाला? एकटी बाई नदीकाठी फळी घेऊन बसली की दहा मिनिटांत उठावंसं वाटतं. ऊन लागतं, बघे जमतात आणि आपलं आपल्यालाच वाटतं की हे काही खरं नाही. चौघी असल्या की आधी कोण उठणार, यातच दोन तास जातात. पण मोठा फायदा वेगळा आहे. एकाच देवळासमोर चौघी बसल्या की चार वेगळी देवळं कागदावर येतात, आणि ती शेजारी शेजारी ठेवली की आपण काय पाहिलं नाही ते चटकन कळतं. म्हणून आमचा पहिला नियम असा, की हाकेच्या अंतरात बसायचं आणि समोर एकच विषय घ्यायचा. जी ती आपला सुंदर कोपरा शोधत पांगली, तर एकत्र जाऊन काही उपयोग नाही.

देखावा नको, सावली बघा

नवशिक्या माणसाला जागा म्हटलं की देखावा आठवतो. माझी यादी अशी: दोन तास टिकणारी सावली, जवळपास स्वच्छतागृह (देवस्थानाचं, पेट्रोल पंपाचं, कुठलंही), चहाची टपरी, आणि घरातून तासाभरात पोचता येईल एवढं अंतर. यात बसलं की साधं उसाचं शेतसुद्धा चित्राला पुरतं.

सावलीचं एक गणित लक्षात ठेवा. सकाळी सातला झाडाची सावली पश्चिमेला लांब पसरलेली असते. साडेनऊपर्यंत ती आखडत बुंध्याकडं येते. सावलीच्या टोकाला ऐसपैस बसाल तर अर्ध्या चित्रात उन्हात याल, म्हणून पहिल्यापासून बुंध्याला टेकूनच बसायचं. कागदावर ऊन पडू देऊ नका. उन्हात पांढरा कागद एवढा लखलखतो की सगळे रंग फिके वाटतात, आपण ते गडद करत जातो, आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं.

आमच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि सावल्या पायाखाली जातात. सावली नसली की भिंतीला उंची राहत नाही, पायरीला धार राहत नाही. उन्हाळ्यात आम्ही सहाला निघून नऊला परततो. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचं आणि तसंच पंचगंगेच्या घाटाकडं सुटायचं. दिवाळीनंतर मात्र ऊन तिरकं आणि मवाळ असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच शिकायचे खरे महिने.

पिशवीत काय भरायचं

फार काही नाही. 2बी, 4बी आणि 6बी पेन्सिली. पोरांच्या परीक्षेचं क्लिपवालं पॅड. सरावाला साध्या कार्ट्रिज पेपरची वही. रंगकामाला मात्र 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड कागद घ्या. पातळ कागद पाणी लागलं की पापडासारखा वाकतो आणि रंग खळग्यात साचतो. महाग वाटला तर मोठा ताव घेऊन त्याचे आठ तुकडे करा. शिकणाऱ्याला तळहाताच्या दीडपट कागद भरपूर होतो.

रंग सहाच घ्या: अल्ट्रामरीन ब्लू, सेरुलियन ब्लू, यलो ऑकर (मातकट पिवळा), गॅम्बोज (पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि क्रिमझन लेक (गडद लाल). कॅमलच्या ट्यूब चालतात. आदल्या रात्री पॅलेटच्या खणात पिळून ठेवल्या तर सकाळपर्यंत वाळतात आणि प्रवासात सांडत नाहीत. ओला ब्रश फिरवला की परत जिवंत होतात. तयार हिरवा घेऊ नका. तो आपल्याकडच्या कुठल्याच पानाचा नसतो. अल्ट्रामरीनमध्ये गॅम्बोज घालून त्यावर बर्न्ट सिएनाचा एक थेंब टाकला की उसाचा, बाभळीचा, आंब्याचा हिरवा प्रमाण बदलून बदलून मिळतो. काळाही नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट कालवले की त्याहून चांगला काळोख तयार होतो. ब्रश दोन, गोल 6 नंबर आणि गोल 10 नंबर. पाण्याला दोन डबे, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ. जुन्या सुती साडीचा तुकडा, बसकर, टोपी. आणि एक जुनी लग्नपत्रिका.

लग्नपत्रिकेचं काम असं. तिच्या जाड कागदात तीन बाय चार इंचाची खिडकी कापायची, तिला मधोमध उभा आणि आडवा दोरा चिकटवायचा. ही खिडकी डोळ्यासमोर धरून पुढं-मागं केली की अख्ख्या मुलखातून चित्रापुरता तुकडा सापडतो. झाड कुठल्या चौकोनात येतं, नदी किती उंचीवर कापली जाते, हे दोऱ्यांवरून लगेच दिसतं.

खाण्याबद्दल एवढंच, की पहिलं चित्र होईपर्यंत भडंगाचा डबा उघडायचा नाही. भडंगाचं तेल बोटाला लागतं, बोटाचं कागदाला लागतं आणि तिथं रंग बसत नाही. आमच्या भूगोलाच्या बाई या बाबतीत शाळेसारख्याच कडक आहेत.

आधी फक्त पेन्सिल

सुरुवातीचे काही रविवार रंग घरी ठेवा. पोचल्यावर पहिल्या वीस मिनिटांत काडेपेटीएवढे चार चौकोन आखून प्रत्येकात समोरचंच दृश्य वेगळं कापून बघायचं. एकात आभाळ जास्त, एकात जमीन जास्त, एक उभं, एक आडवं. तपशील काहीच नको, फक्त तीन छटा: कागदाचा पांढरा, मधला करडा, गडद. डोळे किलकिले करून बघितलं की पानं, विटा, खिडक्या नाहीशा होतात आणि या तीन छटाच उरतात. ज्या चौकोनात गडद भाग एकत्र जमलेला दिसतो, तोच मोठा करायला घ्या.

मापं घ्यायची रीत जुनीच आहे. हात कोपरात न वाकवता पेन्सिल समोर धरायची, एक डोळा मिटायचा, अंगठ्यानं देवळाच्या शिखराची उंची पकडायची आणि तेवढीच उंची पायथ्याच्या रुंदीत किती वेळा बसते ते बघायचं. हात वाकला की माप बदललं. मला मोजायची सवय नोकरीनं लावलेली, त्यामुळं मी पायऱ्यासुद्धा मोजत बसते. शिवणवाली म्हणते, "नोटा हायत व्हय त्या?"

मैत्रिणींबरोबर करण्यासारखे दोन खेळ सांगते, ते क्लासमध्ये मिळणार नाहीत. एक, वहीची अदलाबदल. सगळ्यांनी पंधरा मिनिटं रेखाटायचं, मग वही उजवीकडच्या मैत्रिणीला द्यायची आणि तिनं ते पुढं न्यायचं. दुसरीच्या रेषेवर काम करताना तिनं कुठं घाई केली, कुठं जपून बघितलं, ते हाताला कळतं. वही परत आल्यावर थोडा रुसवा होतो, तो चहावर मिटतो. दुसरा खेळ आम्हाला चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेतल्या स्मरणचित्राच्या पेपरवरून सुचला. दोन मिनिटं समोर टक लावून बघायचं, मग सगळ्यांनी पाठ फिरवून बसायचं आणि आठवणीनं काढायचं. वळून पाहिलं की आपण नुसती बाह्यरेषा लक्षात ठेवली होती आणि उजेड कुठून येत होता ते विसरलो, हे उघडं पडतं. पुढच्या वेळी नजर आपोआप आधी उजेडाकडं जाते.

घाटावर जलरंग

रंग पहिल्यांदा पंचगंगेच्या घाटावर काढा. दगडी पायऱ्या आहेत, पाण्यालगत छोटी देवळं आहेत, बाजूला शिवाजी पुलाच्या कमानी आहेत, म्हणजे सरळ रेघ, गोल आणि पाणी एकाच जागी मिळतं. घाटाच्या मधल्या पायरीवर बसा. तुमच्या डोळ्याच्या रेषेखालच्या पायऱ्यांचा पाय ठेवायचा भाग दिसतो, वरच्या पायऱ्यांचा फक्त उभा भाग दिसतो. एवढं नीट काढलंत तर परस्पेक्टिव्हचा, म्हणजे जवळचं-लांबचं कागदावर दाखवण्याचा, निम्मा धडा झाला. आधी डोळ्याच्या उंचीची आडवी रेघ पुसट काढून ठेवा. सगळ्या तिरक्या कडा तिच्याकडंच धावतात.

पेन्सिलीचं काम दहा मिनिटांत संपवा आणि लगेच सावल्यांच्या कडा आखून घ्या. सूर्य तासाला 15 अंश सरकतो. एकदा आखलेली सावली मग बदलायची नाही, समोरची कितीही पुढं गेली तरी. आमच्यात हे सगळ्यात जास्त नणंदेला जड जातं. ती नवी सावली दिसली की नवी काढते, आणि तिच्या देवळाला दोन सूर्य होतात.

मग पॅड थोडं तिरकं धरून वरून खाली आभाळाचा पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग हात द्या, वर सेरुलियन, क्षितिजाकडं येताना यलो ऑकरचा नुसता वास. हा ओलसर असतानाच पलीकडच्या काठची झाडं टेकवा. कडा विरघळतात आणि झाडं आपोआप लांब जातात. इथं थांबा. खरंच थांबा, वाळेपर्यंत. जलरंगात बिघडतं ते बहुतेक वेळा ओल्यात परत ब्रश घातल्यानं. या वेळात शेजारणीचं बघून यावं, पण बोलू नये.

वाळल्यावर दगड. उन्हातला दगड म्हणजे कोरा कागद किंवा ऑकरचा अगदी फिका हात. सावलीतला दगड म्हणजे अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा एकच सलग वॉश, देवळाची भिंत, पायरी आणि जमीन असं वेगळं न करता एकाच ओघात. पहिल्यांदा भीती वाटते की सगळं एक होईल. होऊ द्या. वाळल्यावर दोन-चार गडद फटी दिल्या की देवळं सुटी होतात.

पाण्यातलं प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली पडतं, तिरकं नाही. पांढरी वस्तू पाण्यात थोडी गडद दिसते आणि काळी थोडी फिकी. प्रतिबिंब उभ्या हातानं भरायचं, आणि वाळल्यावर त्यावर एक-दोन आडव्या फिक्या रेघा. पाच-सहा रेघा मारल्या की पाणी राहत नाही, चटई होते.

पावसाळ्यात ही देवळं पाण्याखाली जातात. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी 39 फुटांच्या इशाऱ्याकडं निघाल्याची बातमी आली की नदीकाठचा रविवार रद्द. त्या दिवसांत एखाद्या देवळाच्या मंडपात बसून पेन्सिलकाम करा. हवेत एवढी ओल असते की वॉश वाळतच नाही.

याच जागा आबालाल रहिमान (1860–1931) यांनी रंगवल्या. कोटितीर्थ आणि रंकाळा ही तळी, पंचगंगा. ते शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार. टाऊन हॉलच्या संग्रहालयात त्यांची चित्रं बघून या, आणि बघताना पाणी किती कमी रंगांत आणि किती कमी हातांनी केलंय ते शोधा. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलादालन आहे. सिनेमातला हा नट पावडर शेडिंगनं, म्हणजे कोरडी भुकटी घासून, निसर्गचित्रं करायचा. लांबचे डोंगर रेघ न मारता कसे उभे करायचे, ते तिथं उमगतं. मग सज्जाकोठीवरून दरी रंगवायला पन्हाळ्याला जा. जवळची झाडी गडद आणि उबदार, त्यामागची रांग निळसर, सगळ्यात मागची आभाळाहून जेमतेम गडद. मागून पुढं या, उलटं नको. भूगोलाच्या बाई इथं आम्हाला हरवतात, कारण उतार कुठून कुठं उतरतो ते त्यांना आधीच माहीत असतं.

गुऱ्हाळात माणसं

माणसं काढायला गुऱ्हाळासारखी शाळा नाही. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. मालकाला आधी विचारा, नाही कोणी म्हणत नाही, उलट उसाचा रस पुढं येतो. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत रस उकळत असतो, खालच्या चुलवाणात एक गडी चिपाड सारत असतो, गूळ करणारा गुळव्या वर आलेली मळी काढत असतो, आणि सगळे तेच तेच काम पुन्हा पुन्हा करतात. हेच आपल्याला हवं. पानाचे सहा भाग करा. गडी वाकला की पहिल्या भागात वाकलेला सुरू करा, तो उठला की सोडून द्या आणि दुसऱ्यात उठलेला घ्या. तो परत वाकेल तेव्हा पहिल्याकडं या. अर्ध्या तासात सहा माणसं उभी राहतात, आणि नाक-डोळे नसले तरी कामाची माणसं वाटतात.

डोक्यापासून सुरू करू नका. आधी दोन खांदे जोडणारी रेघ, मग कमरेची, मग वजन कुठल्या पायावर आहे तो पाय. उभा माणूस त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट उंच असतो. आमची शिवणवाली यात सगळ्यात पुढं आहे. रोज बायकांचे खांदे मोजते, त्यामुळं तिचा माणूस कागदावर कधी लोंबकळत नाही. बाकी कोणीच मिळालं नाही तर म्हैस आहे. पाण्यात बसलेल्या म्हशीएवढी स्थिर मॉडेल कुठल्या कला महाविद्यालयात मिळायची नाही.

वाफेच्या जवळ बसू नका, कागद दमट होतो. वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला बसा. धूर आणि वाफ रंगानं काढायची नसते, तिच्यामागचं छप्पर ओल्या ब्रशानं पुसट करायचं असतं.

गावात बघे येणारच. एकदा बांधावर फळ्या मांडून बसलो तर एक मामा लांबूनच ओरडत आले, "काय ओ बाई, मोजणी हाय काय? रस्ता जाणार हाय काय हितनं?" चित्र काढतोय म्हटल्यावर त्यांचा जीव खाली पडला, आणि मग त्यांनी आमच्या चित्रातल्या विहिरीची जागा चुकल्याचं सांगितलं. चुकलीच होती. गावकरी प्रमाण बरोबर पकडतो, त्याला विचारत जा. पोरं फार जवळ आली तर एकेकाला कागद आणि पेन्सिल द्या. ती गप्प बसतात आणि आपल्याहून बरी काढतात.

जमिनीवर मांडून बघणं

हा भाग कधी टाळू नका, कितीही भूक लागली तरी. सगळी चित्रं सावलीत जमिनीवर एका ओळीत मांडा, कोपऱ्यांवर खडे ठेवा आणि दहा फुटांवर जाऊन उभ्या राहा. जिचं चित्र तिनं बोलायचं नाही. बाकीच्यांनी एकच सांगायचं: नजर आधी कुठं जाते. "छान झालंय" आणि "मस्त गं" या दोन शब्दांवर आमच्यात बंदी आहे. नजर देवळाकडं न जाता कोपऱ्यातल्या पिवळ्या प्लास्टिकच्या घागरीकडं गेली, असं तिघींनी सांगितलं की पुढच्या वेळी घागर कुठं आणि किती ठेवायची ते कळतं. मग चौघींच्या चित्रात एकच गोष्ट बघायची, समजा नुसती सावली, किंवा नुसती झाडाची कड. जिची जमलीय तिनं कशी केली ते तिथंच कागदाच्या तुकड्यावर करून दाखवायचं. आमचं बरंचसं शिक्षण या पंधरा मिनिटांत झालंय.

मोबाइलवर फोटो काढायचा तो निघताना, आधी नाही. आधी काढला की डोळा आळशी होतो, घरी बघून करू म्हणतो. आणि घरी नेऊन चित्र "पुरं" करू नका. राहिलं तसं राहू द्या, मागं तारीख, वेळ आणि जागा लिहा.

गाडीवरून नेताना ओली चित्रं दोन पुठ्ठ्यांच्या मधे, एकमेकींना न चिकटता, आणि पुठ्ठे मागे बसणारीच्या मांडीवर. जूनच्या आत सगळी चित्रं कोरड्या दिवशी ऊन दाखवून फाइलमध्ये घाला, नाहीतर आमच्याकडच्या पावसात त्यांना बुरशी धरते. फाइल कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा. पुराचं वर्ष असलं तर माळ्यावर.